कमिसार केनचं कुलूपबंद दप्तर

कायफस केन या लष्करी अधिकाऱ्याने आपलं आयुष्य दोनदा लिहून ठेवलं. एकदा लोकांसाठी, एकदा स्वतःसाठी. लोकांसाठी लिहिलेलं रीतसर छापून आलं. त्याच्या नावातच सम्राटाची सेवा आहे आणि आतही जे असायला हवं ते सगळं आहे: निष्ठा, कर्तव्य, विजय. स्वतःसाठी लिहिलेल्या पानांमध्ये मात्र घशाला पडलेली कोरड आहे, तळहातांना आलेल्या मुंग्या आहेत आणि कुठेही शिरल्यावर आधी बाहेर पडायची वाट हुडकणारी नजर आहे. पहिलं पुस्तक सगळ्यांना वाचायला मिळालं. दुसरं एका गुप्त यंत्रणेच्या दप्तरात गेलं आणि तिथेच कुलूपबंद झालं.

मला ही दुसरी पानं प्रिय आहेत. केन कधी जन्माला आला नाही, त्याच्या लढाया कधी झाल्या नाहीत, तो ज्या ग्रहांवर लढला ते कुठल्याही दुर्बिणीतून दिसायचे नाहीत. तरीही लढणाऱ्या माणसाच्या मनातलं खरं कुणी सांगितलं असं कुणी विचारलं, तर मी आधी त्याचं नाव घेते.

त्याचं जग उभं राहिलं ते एका खेळातून. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉप या कंपनीने १९८७ साली ‘वॉरहॅमर ४०,०००’ हा युद्धखेळ आणला. टेबलावर चिमुकली सैन्यं मांडून, फासे टाकून खेळायचा खेळ. त्या सैन्यांना इतिहास हवा, म्हणून गोष्टी लिहिल्या गेल्या, गोष्टींच्या कादंबऱ्या झाल्या आणि बघता बघता एक अख्खं विश्व तयार झालं. काळ एक्केचाळिसाव्या सहस्रकातला. माणसांचं साम्राज्य आकाशगंगाभर पसरलेलं, आणि सगळीकडून पोखरलेलं. दहा हजार वर्षं सम्राट धड जिवंत नाही, धड मेलेला नाही. सिंहासनाला खिळून आहे आणि प्रजा त्याला देव मानते. इथे शंका घेणं हा गुन्हा आहे. एकेका लढाईत लाखो माणसं मरतात आणि पुढची लढाई तयारच असते. कल्पनेतल्या इतक्या काळोख्या जागा मी फार थोड्या पाहिल्या आहेत.

त्या काळोखात अॅलेक्स स्ट्यूअर्ट या इंग्रज लेखकाने ‘सँडी मिचेल’ या टोपणनावाने केनला आणलं. त्याची पहिली कादंबरी ‘फॉर द एम्परर’ २००३ साली आली आणि मालिका पुढे वीस वर्षं चालू राहिली. केनचा हुद्दा कमिसारचा. काळा लांब कोट, उंच टोपी, कमरेला लाल पट्टा. पलटणीचं मनोबल राखणं हे त्याचं काम, आणि जो सैनिक भिऊन मागे फिरेल त्याला जागच्या जागी गोळी घालण्याचा त्याला अधिकार. असा हा अधिकारी आपल्या खासगी पानांमध्ये सरळ लिहितो की मी स्वतःच भित्रा आहे. मला जगायचं आहे. मी जे काही केलं ते कातडी वाचवण्यासाठी केलं आणि लोकांनी त्याला शौर्य म्हटलं.

हे वाचताना पहिल्यांदा हसू येतं. मिचेलने ते हसू यावं म्हणूनच लिहिलं आहे आणि ते त्याने उत्तम साधलं आहे. पण पुस्तकामागून पुस्तक वाचत गेले तसं त्या हसण्याखालचं दुसरं काहीतरी मला जाणवायला लागलं. ज्या राज्यात भीती हा देहान्ताचा अपराध आहे, तिथे भीतीची कबुली द्यायला एकच जागा उरते: कुणी वाचू नये म्हणून लिहिलेली वही. साम्राज्याची फर्मानं गर्जना करतात, प्रवचनं गर्जना करतात, विजयाच्या बातम्या गर्जना करतात. त्या सगळ्या गलबल्यात एक माणूस साध्या आवाजात म्हणतो की मला भीती वाटली. त्या विश्वातलं विश्वास ठेवण्याजोगं असं मला हे एकच वाक्य वाटतं.

पहिल्याच कादंबरीतला एक प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. वालहाला या बर्फाळ ग्रहाच्या दोन पलटणी टायरनिड या परग्रही प्राण्यांशी लढताना भयंकर पोळून निघालेल्या असतात. तीनशे एकावी पुरुषांची, आघाडीवर लढणारी. दोनशे शहाण्णवावी बायकांची, मागे राहून ठाणी सांभाळणारी. उरलेल्यांना एकत्र करून एक पलटण बनवायचं फर्मान निघतं आणि दोन्हीकडची माणसं एकमेकांचा जीव घ्यायला उठतात. त्यांच्या अंतराळजहाजाच्या भोजनगृहात दंगल होते, माणसं मरतात. केन तिथे नुकताच रुजू झालेला असतो. जहाजाच्या कप्तानाला देहान्तापेक्षा कमी शिक्षा नको असते आणि कमिसारला तो अधिकारही असतो. केन ती शिक्षा टाळतो. मग तो पुरुषांच्या आणि बायकांच्या तुकड्या मिसळून टाकतो आणि पलटणीला नवं नाव सुचवतो. दोन जुन्या आकड्यांची बेरीज: पाचशे सत्त्याण्णव. कुणाचं काहीच वजा झालेलं नाही.

हे का केलं याचं कारण तो स्वतः देतो. कडक कमिसारांना लढाईच्या गोंधळात पाठीमागून आपल्याच माणसांच्या गोळ्या लागतात. मला तसं मरायचं नव्हतं. कारण खरं असेलही. पण त्या बेरजेकडे मी पुन्हा पुन्हा बघते. नुसत्या स्वार्थाला एवढी नाजूक गोष्ट सुचत नाही. हरवलेल्या माणसांना आपल्या मेलेल्या सोबत्यांचा आकडा नव्या झेंड्यावर हवा असतो, हे ओळखायला दुसऱ्याच्या दुःखाशेजारी थोडा वेळ बसावं लागतं. केन तिथे बसला होता. त्याने ते कबूल मात्र कधीच केलं नाही.

आणि इथे या पुस्तकांची खरी कमाल सुरू होते. केनचे कागद आपल्यापर्यंत थेट येत नाहीत. ते येतात अँबरली व्हेल हिच्या हातून. ती साम्राज्याच्या धर्मतपास यंत्रणेतली अधिकारी, परग्रहींच्या कारवायांचा माग काढणारी. केनबरोबर ती अनेकदा लढली आहे, त्याच्यावर तिचा जीवही आहे. त्याच्या सलग, कुठेही न थांबता लिहिलेल्या मजकुराची ती प्रकरणं पाडते, खाली टिपा देते आणि आपल्या सहकाऱ्यांपुरता तो खुला करते. केनला फक्त स्वतःभोवतीचं दिसतं, ही तिची कायमची तक्रार. म्हणून मध्ये मध्ये ती इतर कागद आणून लावते: अहवाल, इतिहासाची पुस्तकं, प्रवासवर्णनं. सगळ्यात जास्त उतारे जेनिट सुलाच्या आठवणींचे. ही सुला केनच्या पलटणीत साधी लेफ्टनंट होती, पुढे जनरल झाली आणि तिनेही आत्मचरित्र लिहिलं. तिचं गद्य इतकं फुललेलं, इतकं दागिन्यांनी लगडलेलं की अँबरली वाचकांची माफी मागून मगच ते समोर ठेवते.

म्हणजे एकाच लढाईची तीन चित्रं आपल्यासमोर येतात. सुलाच्या पानावर केन देवदूतासारखा धुरातून प्रकटतो. केनच्या पानावर तोच केन वाट चुकून तिथे पोचलेला असतो आणि निसटायला फट शोधत असतो. आणि पानाच्या तळाशी, बारीक टायपात, अँबरली शांतपणे लिहिते की त्या दिवशी तो पळू शकला असता, पण पळाला नाही. तिची टीप तीन ओळींची असते. कादंबरीचा सगळा भार मला त्या तीन ओळींवर तोललेला वाटतो.

मी हे वाचत होते त्या काळात आमच्या घरी आईचं मोठं आजारपण चालू होतं. हॉस्पिटलातले दिवस, कागदांवरच्या सह्या, डॉक्टरांच्या चेहऱ्यावरून काही वाचता येतं का ते बघणं. मावशी येऊन माझ्या पाठीवरून हात फिरवायची आणि म्हणायची, “धीराची आहेस गं बाई.” मी मान हलवायची. आतून मला फक्त तिथून उठून रस्त्यावर जायचं होतं, गर्दीत मिसळून दूर चालत सुटायचं होतं. आपण नाटक करतो आहोत, असं सारखं वाटायचं. रात्री आईच्या पलंगाशेजारी बसून मी केन वाचायची. आणि एका रात्री लख्ख कळलं की मावशी खोटं बोलत नव्हती आणि मीही खोटं बोलत नव्हते. तिला खुर्चीत बसलेली मी दिसत होते; मला माझ्यातली पळणारी बाई दिसत होती. दोघींचं बघणं खरं होतं. फक्त आईला पाण्याचा पेला हातात मिळायचा तो खुर्चीतल्या बाईकडून.

पर्लिया ग्रहावरची केनची कथा मला त्यानंतर वेगळीच वाटायला लागली. तरुण केन आणि त्याचा मदतनीस युर्गन सुटकेच्या यानातून शत्रूच्या मुलखात कोसळतात. चहूकडे ऑर्क या परग्रही जमातीचं राज्य. केनला एकच गोष्ट हवी असते: आपल्या सैन्याच्या हद्दीत पोचणं. वाटेत चुकलेले सैनिक भेटतात, गावंच्या गावं गमावलेली माणसं भेटतात. जितकी माणसं जास्त तितका माझा जीव सुरक्षित, असा हिशेब मांडून तो त्यांना बरोबर घेत जातो. अन्न शोधतो, गाड्या मिळवतो, शिकवतो, धमकावतो, धीर देतो. शेवटी तो पोचतो तेव्हा त्याच्यामागे एक फौज आणि निर्वासितांचा तांडा असतो. पर्लियाच्या इतिहासात तो मुक्तिदाता ठरतो. म्हातारपणी तो त्याच ग्रहावर राहायला जातो आणि पुढच्या कमिसारांना शिकवतो. माझा हेतू तेवढा थोर नव्हता, असं केन म्हणतो. त्या तांड्यातल्या एखाद्या आईला विचारलं असतं तर तिने हेतूची चौकशी केली नसती.

या युर्गनविषयी सांगायलाच हवं. गबाळा, अंगाला दर्प मारणारा, माणसांच्या घोळक्यात कुणाला जवळ नको वाटणारा. त्याच्या अस्तित्वाजवळ मनःशक्तीचे सगळे चमत्कार विझून जातात, हे त्याच्याविषयीचं गुपित केन आणि अँबरली जपून ठेवतात. केन म्हणतो, युर्गन सोबत असला की माझी पाठ सुरक्षित राहते, म्हणून मी त्याला सांभाळतो. पण त्याच्या पानापानांतून युर्गनविषयीची जी काळजी झिरपते, ती अशा हिशेबात मावणारी नाही. तो परत फिरतो, थांबतो, वाट बघतो. प्रत्येक वेळी त्याच्याजवळ एक स्वार्थी कारण तयार असतं आणि प्रत्येक वेळी ते कारण कृतीपेक्षा आखूड पडतं.

केनचं घराणं जुनं आहे. जॉर्ज मॅक्डोनल्ड फ्रेझर यांनी १९६९ साली ‘फ्लॅशमन’ लिहिली. थॉमस ह्यूज यांच्या १८५७ सालच्या ‘टॉम ब्राउन्स स्कूल डेज’मधला शाळेतला दांडगट मुलगा त्यांनी उचलला आणि त्याला व्हिक्टोरिया राणीच्या सैन्यात अधिकारी बनवलं. म्हातारपणी त्याने लिहिलेले खासगी कागद सापडले, आपण फक्त संपादक, अशी त्यांनी बतावणी केली आणि खाली इतक्या काटेकोर ऐतिहासिक टिपा दिल्या की अमेरिकेतल्या काही समीक्षकांनी तो खरोखरचा दस्तऐवज मानला. फ्रेझर स्वतः दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात सतराव्या भारतीय डिव्हिजनमध्ये लढले होते. त्या दिवसांच्या खऱ्या आठवणी त्यांनी १९९२ साली ‘क्वार्टर्ड सेफ आउट हिअर’ या पुस्तकात लिहिल्या, म्हणजे काल्पनिक आठवणी लिहायला लागल्यानंतर तेवीस वर्षांनी.

फ्लॅशमन आणि केन यांच्यात मात्र मोठं अंतर आहे. फ्लॅशमन खरोखरच नीच आहे. बायकांशी, नोकरांशी, जित लोकांशी तो क्रूरपणे वागतो आणि ते अभिमानाने लिहितो. त्याचा प्रामाणिकपणा आपल्याला साम्राज्याची किळस आणून देतो, त्याच्याविषयी माया उत्पन्न करत नाही. केन स्वतःला फ्लॅशमन समजतो, पण तो फ्लॅशमन नाही. फ्रेझर यांनी शूराचा मुखवटा घातलेला भित्रा दाखवला. मिचेलने स्वतःला भित्रा समजणारा शूर दाखवला. वरवर सारख्या दिसणाऱ्या या दोन पुस्तकांमध्ये माणसाविषयीची दोन निरनिराळी मतं आहेत, आणि मी दुसऱ्या मताच्या बाजूची आहे.

फ्लॅशमनची वाट आपल्याकडेही येते. १९७५ सालच्या ‘फ्लॅशमन इन द ग्रेट गेम’मध्ये तो सत्तावन्नच्या उठावात झाशीला पोचतो. आणि झाशी म्हटल्यावर मला आठवते एका खरोखर भ्यालेल्या माणसाने लिहिलेली वही. वरसईचे विष्णुभट गोडसे ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञाची दक्षिणा मिळावी म्हणून कोकणातून उत्तरेकडे निघाले आणि उठावाच्या वणव्यात सापडले. इंग्रज सेनापती ह्यू रोजच्या फौजेने झाशी घेतली तेव्हा ते आत होते. लपले, लुटले गेले, अन्नपाण्यावाचून राहिले. ते सैनिक नव्हते, त्यांना मर्दुमकी सांगायची नव्हती, म्हणून ‘माझा प्रवास’मध्ये भीती जशी होती तशी उतरली. आणि त्याच भ्यालेल्या डोळ्यांनी काल्पीच्या वाटेवर, विहिरीशी, धुळीने माखलेली, तहानेने व्याकुळ झालेली लक्ष्मीबाई पाहिली. राणीने स्वतः आठवणी लिहिल्या नाहीत, तिला तेवढा अवधीच मिळाला नाही. तिचं थकलेपण आपल्याला कळतं ते एका गरीब भिक्षुकामुळे.

त्या वहीलाही संपादक मिळाला. चिंतामण विनायक वैद्यांनी गोडसे भटजींकडून ती लिहवून घेतली आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९०७ साली प्रसिद्ध केली. इंग्रजांचं राज्य होतं. वैद्यांनी मजकुरात फेरफार केले, काही भाग गाळला. मोडीतलं मूळ हस्तलिखित पुढे पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात पोचलं आणि दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली ते छापलं, तेव्हा कुठे गोडसे भटजींचा मूळ आवाज मराठी वाचकाला ऐकू आला. वैद्यांचे उपकार मोठे आहेत. त्यांच्यावाचून ही वही झालीच नसती. पण मूळ संहिता वाचताना वाटतं की साठ वर्षं आपण एका खऱ्या माणसाच्या नीटनेटक्या छायेशी बोलत होतो.

म्हणून काल्पनिक अँबरलीचं काम मला आदर्श वाटतं. तिने केनचा एकही शब्द मऊ केला नाही. तो स्वतःला भित्रा म्हणतो, ते तिने तसंच ठेवलं. तिला पटलं नाही, तेव्हा तिने खाली टीप लिहिली. त्याला दिसलं नाही ते तिने दुसऱ्या कागदांतून आणून शेजारी लावलं. सुलाची अतिशयोक्तीसुद्धा गाळली नाही, कारण केनला बघून एका तरुण अधिकाऱ्याला काय वाटलं याची ती साक्ष आहे. लिहिणाऱ्यावर जीव असूनही त्याचं चित्र सजवायचं नाही, आणि जीव आहे म्हणूनच त्याने स्वतःवर केलेल्या अन्यायाला उत्तर द्यायचं, ही संपादनाची फार वरची पायरी आहे.

केनच्या कागदांना मर्यादाही आहेत. ज्या साम्राज्याची तो सेवा करतो त्याच्या मुळाशी असलेल्या अमानुषतेला तो हात घालत नाही. प्रश्न विचारू न देणारी व्यवस्था त्याला बोचते, पण तिच्याविरुद्ध तो उभा राहत नाही. त्याच्या माणुसकीचा परीघ शेजारच्या माणसापुरता आहे. पण ज्या जगात माणसांचं मोल लाखांच्या राशीत होतं, तिथे शेजारचा माणूस नावानिशी ओळखणं हीसुद्धा छोटी गोष्ट नाही.

साम्राज्याने त्याच्या मृत्यूची नोंद इतक्या वेळा चुकीची केली होती, आणि तो इतक्या वेळा परत आला होता, की शेवटी कचेरीने त्याचं नाव कायमचं सेवेतल्या अधिकाऱ्यांच्या यादीत ठेवून दिलं. पूर्ण लष्करी इतमामाने पुरल्यानंतरही ते तिथेच राहिलं.

माझं मत एवढंच आहे की शौर्याच्या खटल्यात ज्याचं त्याने न्यायाधीश होऊ नये. माणसाला स्वतःची भीती आतून ऐकू येते आणि आपल्या हातांनी काय केलं ते मात्र बाहेरच्यांनाच दिसतं. दोन्ही साक्षी लागतात. म्हणून तुमच्या घरात कुणाची वही असेल, सीमेवरून परतलेल्या आजोबांची, साथीच्या दिवसांत कामावर जात राहिलेल्या परिचारिकेची, पुरात होडी घेऊन निघालेल्या कुणाची, तर ती छापताना भीतीची पानं गाळू नका. त्यांनी स्वतःला भित्रं म्हटलं असेल तर ते वाक्य तसंच राहू द्या. तुम्ही त्यांना वेगळं पाहिलं असेल, तर खाली टीप द्या आणि तिथे तुमची सही करा.